नऊ नंबरचं माप

आबा घरी पोचायच्या आधी त्यांच्या चपला घरी पोचायच्या.

आबा, म्हणजे माझे वडील, शाहूपुरीत गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी वळले की करकर, करकर असा आवाज सुरू व्हायचा. कोल्हापुरी चप्पल शिवताना तळाच्या दोन थरांमध्ये कसलंसं बी घालतात, त्यानं ती वाजते. वाजणाऱ्या चपला गावात पुष्कळ होत्या, पण आबांच्या चपला नुसत्या वाजायच्या नाहीत, त्या दरडावायच्या. त्या आवाजासरशी गोट्या खेळणारी पोरं पांगायची, शेजारचे काका विडी विझवायचे, आई चहाचं आधण ठेवायची आणि मी पुस्तक उघडून बसायचो. कधीकधी ते उलटं असायचं.

हा आवाज एक दिवस माझा होणार होता. तसं ठरलेलंच होतं. मी थोरला आणि एकुलता एक मुलगा. वारसाहक्कात मला दुसरं काही नको होतं. मुरगुडातली जमीन चुलत्यांना मिळाली तरी चालेल, करकर मला मिळाली पाहिजे.

पण ती नुसती मागून मिळत नव्हती. आमच्या घराण्यात एक रीत होती. चप्पल लाईनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, आमच्या घराच्या चपला पिढ्यानपिढ्या शिवणारे एक मामा होते. त्यांच्या दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला जाड चामड्याचा एक तळ टांगलेला असायचा. तो माझ्या आजोबांच्या पायाचा. नऊ नंबर. आबा तरुण असताना दर दसऱ्याच्या आधी त्यांना त्या तळावर उभं करायचे. एका वर्षी आबांचा अंगठा पुढच्या कडेला आणि टाच मागच्या कडेला लागली आणि मामांचे वडील म्हणाले, "माप भरलं." त्याच दिवशी आबांना करकरत्या चपला मिळाल्या. आणि त्याच दिवसापासून आजोबा म्हैस विकायची झाली तरी आबांना विचारू लागले. ज्याचं माप भरलं, त्याला घरात विचारायचं. ज्याचं भरलं नाही, त्यानं ऐकायचं. आणि माप भरेपर्यंत थोरल्याच्या चपलेत गंमत म्हणूनसुद्धा पाय घालायचा नाही.

मला विचारलं जाणं फार गरजेचं होतं. एक्क्याण्णव साल, मी दहावीत. आबांनी ठरवलं होतं की दहावीनंतर मी कॉमर्सला जायचं आणि मग त्यांच्या शेजारी गादीवर बसायचं. मला नाटकात जायचं होतं. गणेशोत्सवात मी चार वर्षं लागोपाठ राक्षस झालो होतो आणि दर वर्षी टाळ्या राक्षसालाच पडल्या होत्या. पण हे आबांना सांगणार कोण? माझा पाय सहा नंबरचा होता. सहा नंबरच्या पायाचं आमच्या घरात कुणी ऐकत नव्हतं.

आणि अशा वेळी विज्ञान माझ्या मदतीला धावून आलं. निदान मला तसं वाटलं.

जुलै महिना. आमचे विज्ञानाचे सर फळ्यावर वाटाण्याच्या वेली काढत होते. फार पूर्वी परदेशात एका धर्मगुरूनं मठाच्या बागेत उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांचं लग्न लावलं, आणि झालेली सगळी पोरं उंच निघाली. एकही बुटकं नाही. कारण उंचपणाचा गुण प्रभावी, बुटकेपणाचा अप्रभावी. सरांनी एक चौकोन काढला, त्याचे चार खण केले आणि चारही खणांत ‘उंच’ लिहिलं.

मी हात वर केला. "सर, माणसालापण हेच हाय का?"

सरांना तासाभरात धडा संपवायचा होता. "हाय की. माणूस काय वेगळा हाय व्हय? बस खाली."

या एका वाक्यासाठी मी सरांना अजून माफ केलेलं नाही.

मी वहीच्या मागच्या पानावर माझा चौकोन काढला. आबांचा पाय मोठा, आईचा लहान, चार नंबर. तिच्या चपला लहान पोरांच्या दुकानात मिळायच्या. आबांच्या बाजूला दोनदा ‘मोठा’ लिहिलं, आईच्या बाजूला दोनदा ‘लहान’. चार खण भरले. मोठा, मोठा, मोठा, मोठा. सुटका नव्हती. माझा पाय मोठा होणार हे आता निसर्गालाही नाकारता येणार नव्हतं. फक्त तो जरा उशिरा निघाला होता, इतकंच.

साक्षीदार म्हणून मी धाकट्या बहिणीला बोलावलं. ती आठवीत होती. लांब हातापायांची, शेंगेसारखी वाढलेली, आणि जरा जास्तच विचार करणारी. कोल्हापुरातल्या बऱ्याच मुलींसारखी तीही बोलताना ‘मी आलो’, ‘मी करतो’ असंच म्हणायची. आमच्याकडं त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

तिनं चौकोन नीट बघितला. "म्हंजे आपल्या आबांची पोरं सगळी मोठ्या पायाची?"

"सगळी. चारही खणात हाय की."

"मग माझापण पाय नऊ नंबरचा व्हणार?"

मी हसलो. फार मोठ्यानं हसलो. "येडी हायस काय? तू पोरगी हायस. तुला हे लागू न्हाय."

"का न्हाय?"

"वाटाण्यात पोरी नसत्यात."

तिनं माझ्याकडं बघितलं, चौकोनाकडं बघितलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सही केली.

मग कामाला सुरुवात झाली. दर रविवारी दुपारी आबा झोपले की मागच्या खोलीत मी कागदावर पाय ठेवायचा आणि बहिणीनं भोवती पेन्सिल फिरवायची. मग तो कागद मागच्या रविवारच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरायचा. शिवाय उपाय होतेच. रोज बोटं ओढायची. तेही काम तिचंच. ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि माझा अंगठा असा ओढायची की शेवटी मीच ओरडायचो. पहाटे गवळी म्हशी आणून उभ्या करतात त्या कट्ट्यावर जाऊन समोर धार काढलेलं गरम दूध पेलाभर प्यायचो आणि ते पायात उतरावं म्हणून थोडा वेळ उभाच राहायचो.

आणि पाय वाढू लागला!

पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्याही नाही. तिसऱ्या रविवारी मी रडायच्या बेतात आलो होतो. "चौकोन खोटा असंल," असं पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं. बहिणीनं पेन्सिलीला टोक काढलं. चौथ्या रविवारी रेघ तांदळाच्या दाण्याएवढी पुढं सरकली. पाचव्या रविवारी आणखी एक दाणा. मी खोलीभर नाचलो. गणेशोत्सव झाला, पितृपक्ष लागला, आणि कागदावरचा पाय आबांच्या पायाच्या इतका जवळ आला की मला रात्री स्वप्नात करकर ऐकू यायला लागली. माझी शाळेची चप्पल काही घट्ट होत नव्हती, हे खरं. पण वापरून वापरून ती सैल पडत असणार, असं मी स्वतःला सांगितलं. माणसाला फसायचंच असलं की चप्पलसुद्धा मदत करते.

दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी जेवताना जाहीर केलं, "आबा, यंदा माझं माप भरलंय."

आबांचा घास हातातच राहिला. "कुणी सांगितलं?"

"विज्ञानानं."

बहिणीला एकदम ठसका लागला. आईनं तिच्या पाठीवर थापट्या मारल्या. मला त्या ठसक्यात तेव्हा काही दिसलं नाही.

चप्पल लाईनीत आम्ही चौघं गेलो. आबा, आई, मी आणि बहीण. मामांचं दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर चामड्याचा वास आणि त्या वासाच्या मधोमध मांडी घालून बसलेले मामा. माप घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. फूटपट्टी नाही, टेप नाही. वर्तमानपत्राची लांब पट्टी फाडायची, पायाला लावायची आणि जिथं बोटं संपली, जिथं टाच संपली, तिथं नखानं बारीक चीर द्यायची. मग पट्टी चवड्याभोवती गुंडाळून आणखी एक चीर. पट्टी घडी घालून डब्यात ठेवायची. प्रत्येक घराण्याचा एक डबा. आमच्याही तीन पिढ्यांचे पाय तिथं एका डब्यात घडी होऊन पडले होते.

मी ऐटीत बारा रविवारांचा शेवटचा कागद काढून मामांच्या पुढ्यात टाकला. "मामा, आधी हे बघा."

मामांनी कागद उचलला. उजेडात धरला. मग माझ्या पायाकडं बघितलं. मग पुन्हा कागदाकडं. मग त्यांनी कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या मिशा हलू लागल्या.

"दिवाणजी," ते आबांना म्हणाले, "पेन्सिल तिरकी धरलीया. ह्यो पाय न्हवं, पायाची सावली हाय."

मी बहिणीकडं बघितलं. ती रस्त्यावरून चाललेल्या एका शेळीकडं फार लक्षपूर्वक बघत होती.

मामांनी खिळ्यावरचा तळ काढून जमिनीवर ठेवला. मी उभा राहिलो. माझ्या अंगठ्याच्या पुढं दीड बोट चामडं मोकळं होतं. तपकिरी, गुळगुळीत, आणि मला वाकुल्या दाखवणारं.

"तू!" मी ओरडलो. "बारा रविवार!"

"बारा न्हाय," बहीण हळूच म्हणाली. "पयले तीन खरे हुते. तू रडायला लागलास म्हणून चौथ्यापासनं जरा कलती धरली. मग तू नाचलास. मग मागं कसं यायचं? दर वेळी जरा जास्त कलती धरत गेलो."

मला सांगा, अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण मी रागावलो. मी गुरासारखा हंबरलो. शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. आबांनी एकदा माझ्याकडं बघितलं तसा मी गप्प झालो. तेवढ्यात मामांची नजर बहिणीच्या पायांवर गेली. ती रबरी स्लिपरमध्ये उभी होती आणि तिची टाच मागून बाहेर आली होती.

"पोरी, जरा पाय ठेव बघू हितं."

"नको," आई पटकन म्हणाली. "तिला काय करायचंय माप? चला, उशीर हुतोय."

आता बघताना मला कळतं की आई घाबरली होती. मुलीचा पाय वाढतोय हे तिला कधीचं माहीत होतं. ती मुलीला एक नंबर लहान चप्पल घेत होती, मग दोन नंबर लहान. मोठ्या पायाच्या मुलीला कोण करून घेणार, ही भीती तिनं एकटीनं सांभाळली होती. घरात एका पायाची सावली लांबवत होते, आणि दुसऱ्या पायाला चपलेत कोंबत होते. आणि आबांना दोन्हीपैकी काही माहीत नव्हतं.

"ठेव गं," आबा म्हणाले.

बहिणीनं स्लिपर काढली. पाय ठेवला. अंगठा पुढच्या कडेला. टाच मागच्या कडेला. चवडा दोन्ही बाजूंनी बरोबर. तळाचं एक सूतही दिसत नव्हतं.

मामांनी आपल्या वडिलांसारखं म्हणायला तोंड उघडलं. पण बापाच्या तोंडचं ते वाक्य मुलीच्या पायाला लावावं की नाही हे त्यांना कळेना. त्यांनी आबांकडं बघितलं. आबा तळाकडं बघत होते. शेवटी त्यांनी स्वतः वाकून तळ उचलला, झटकला आणि खिळ्याला परत टांगला.

"घे पोराला सहा नंबरची," ते आईला म्हणाले. "बिनआवाजाची."

त्या वर्षीच्या दसऱ्याला मी बिनआवाजाचा सोनं लुटायला गेलो.

पुढं व्हायचं तेच झालं. मी कॉमर्सला गेलो. मला कुणी विचारलं नाही. नाटकात जायचं ते राहिलं आणि मी गादीवर बसून गिऱ्हाइकांना नाटकं दाखवू लागलो. बहिणीशी बंद केलेलं बोलणं सुरू झालं, पण मनात एक खडा राहिला. तिनं मला फसवलं होतं. वर माझा पायही तिनंच पळवला होता. चार खणांत चार मोठे पाय होते, त्यातला एक मला मिळायला काय हरकत होती?

सात वर्षांनी, ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना, आमच्या घरी तिला बघायला पावणे आले. कागलकडचं चांगलं घर. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्यानं आवाज गोड करून म्हटलं, "जरा चालून दाखव की बाळ." बहीण उठली, दारापर्यंत गेली, परत आली. साडी जमिनीला लागेल अशी आईनं नेसवली होती. आत्याबाईंनी मान तिरकी करून साडीच्या काठाखाली बघितलं.

"पाय केवढा हो हिचा?"

"सहा," आई म्हणाली. "हिच्या दादाएवढा."

निघायच्या वेळी सगळे दारात उभे होते. आईनं मला सांगितलं, बहिणीच्या चपला जरा बाजूला घे, पावण्यांना वाट दे. मी वाकलो. आणि मला हशा घ्यायची जागा दिसली. नट होऊ न शकलेल्या माणसाला भरलेलं घर, गप्प झालेली मंडळी आणि हातात एक वस्तू एवढं मिळालं की त्याच्यानं राहवत नाही. मी दोन्ही हातांत दोन जोड उचलले आणि खणखणीत आवाजात विचारलं, "आई, कुठल्या बाजूला घेऊ? हिच्या नऊ नंबरच्या, का माझ्या सहा नंबरच्या?"

हशा झाला. काय हशा झाला! मुलाचे वडीलसुद्धा हसले. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आई रडली. आबा पेपर उघडून बाहेरच्या खोलीत बसले. बहीण स्वयंपाकघरात चिंचोक्यांची पिशवी घेऊन बसली होती. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"चूक झाली," मी म्हणालो.

"कुठली?"

"ती... चपलेची."

"ती धाकटी चूक. थोरली चूक कुठली ते सांगू? बस."

मी बसलो. तिनं पिशवी उपडी केली. निम्मे चिंचोके भाजून सोललेले, पांढरे होते. बाकीचे तसेच, काळपट.

"तुझ्या सरांनी वाटाणा शिकवला ते खरं हाय," ती म्हणाली. "वाटाण्याची उंची एका जनुकावर ठरली, म्हणून तो एक तर उंच न्हाय तर बुटका. पण शाळंत प्रार्थनेला उंचीनं उभं करायचे, आठवतंय? रांगंत मधेच खड्डा पडायचा का? हिकडं सगळी उंच, तिकडं सगळी बुटकी, असं व्हायचं?"

"न्हाय. उतार असायचा. मी उताराच्या तोंडाशी."

"का? कारण माणसाची उंची काय, पाय काय, एका जनुकाचं काम न्हवं. पुष्कळ जनुकं. एकेकाचा जोर एवढासाच, चिंचोक्याएवढा. सगळ्यांचा मिळून पाय."

तिनं चिंचोक्यांचे दोन ढीग केले. एकात पांढरे जास्त, एकात कमी. "हे आबा. ही आई. पांढरा म्हणजे पाय जरा लांब करणारा, काळा म्हणजे न करणारा. बघ, आईच्यात पांढरे न्हाईत असं न्हाय. हायत. पण थोडे, म्हणून तिच्या पायात दिसत न्हाईत. आता डोळे मीट. दोन्हींतनं निम्मे निम्मे घे."

मी डोळे मिटले. दोन्ही ढिगांत हात घातला. मोजले. पांढरे फारसे नव्हते. तिनं ते परत आपापल्या ढिगात मिसळले आणि स्वतः डोळे मिटून घेतले. तिला जास्त निघाले.

"पुन्हा," मी म्हणालो. पुन्हा केलं. या वेळी मला जास्त, तिला कमी. पुन्हा केलं. बहुतेक वेळा दोघांनाही मधलंच काहीतरी यायचं. एकदा तर एकाच मुठीत पांढऱ्या बिया भलत्याच जास्त आल्या.

"हे मी," ती म्हणाली. "आबांच्या ढिगातले चांगले आले, आणि आईनं लपवून ठेवलेलेपण आले. बाईमाणसाला एवढा पाय म्हंजे मूठ भलतीच लागली म्हणायची. तुला आले न्हाईत. शिवाय तुला सातवीत काविळीनं किती महिने पाडलं हुतं, तेपण धर. यात कुणी कुणाचं पळवलं न्हाय. तुझी मूठ येगळी, माझी मूठ येगळी."

"मग सर चुकले."

"सर घाईत हुते. चूक तुझी." तिनं एक काळा चिंचोका माझ्या कपाळावर मारला. "चौकोन काढलास तवा चारही खणात मोठा लिवलास. आणि मला म्हणालास, तुला लागू न्हाय. स्वतःचाच चौकोन तू खरा धरला न्हाईस. मी सही केली, पण तवापासनं मला बघायचं हुतं की मी कुठल्या खणात बसतो."

बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आबा दारात उभे होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे. त्यांनी मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. पायाखालच्या फरशीवर पसरलेल्या चिंचोक्यांकडं बघितलं, मग बहिणीच्या पायांकडं. ती मांडी घालून बसली होती आणि तिची लांब पावलं साडीबाहेर आली होती. लपवायची सवय होती, तरी तिनं ती लपवली नाहीत.

"तुला काय करायचंय?" आबांनी विचारलं.

आमच्या घरात हा प्रश्न तोपर्यंत मी एकदाही ऐकला नव्हता. मी दहावी झालो, बारावी झालो, गादीवर बसलो, माझं लग्न ठरलं, तरी कुणी हे विचारलं नव्हतं.

"एम.एस्सी.," ती म्हणाली. "आणि मग शिकवायचं."

"शीक," आबा म्हणाले आणि चहा मागून बाहेर गेले.

मी तिथंच बसून राहिलो. ज्याचं माप भरलं, त्याला विचारायचं. आबांनी रीत मोडली नव्हती. पाळली होती. फक्त ती माझ्यासाठी पाळतील असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. वाटाण्यानं फसवलं, पेन्सिलीनं फसवलं, पण सगळ्यात सफाईनं मला फसवलं ते रीतीनं. माझ्याशी एक शब्द खोटं न बोलता.

बहीण शिकली. दोन हजार सालानंतर एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागली. तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिचं लग्न झालं. त्याचा पाय सात नंबरचा. तो तिला म्हणाला होता म्हणे, "आपल्या चपलांची अदलाबदल होणार नाही, एवढं तरी बरं आहे." मला तो त्याच दिवशी आवडला.

तिची नोकरी कायम झाली त्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, आबा म्हणाले, "चला, चप्पल लाईनीत जाऊन येऊ." आता ते थकले होते. दुकान सुटलं होतं. गुडघ्यांमुळं डॉक्टरांनी त्यांना मऊ सँडल घालायला लावल्या होत्या आणि आमची गल्ली निवांत झाली होती.

मामाही म्हातारे झाले होते. आबांनी खिळ्याकडं बोट केलं. "ह्या मापाची. करकर घालून. पोरीला."

मामांनी तळ काढला आणि चुकचुकले. पावसाळ्यात चामडं आकसून वाकडं झालं होतं, टाचेकडून उंदरांनी कुरतडलं होतं. "ह्यो न्हाय चालायचा. नवं माप घ्यायला लागतंय. पण माझं हात आता थरथरत्यात, पट्टीवर चीर नीट बसत न्हाय." त्यांनी एक कागद पुढं केला आणि इकडंतिकडं बघितलं. मग कानावरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

बहिणीनं कागदावर पाय ठेवला. मी गुडघ्यावर बसलो. खरं सांगू? त्या क्षणी माझ्या मनात काय काय येऊन गेलं! पेन्सिल बाहेर कलती धरली तर पाय वाढतो. आत कलती धरली तर तो घटतो. थोडीशीच आत. कुणाला कळलं नसतं. चपला आल्या असत्या, चावल्या असत्या, चार दिवसांत कोपऱ्यात पडल्या असत्या. बारा रविवारांचा हिशेब एका रेघेत फिटला असता.

वरून तिचा आवाज आला. "दादा, काय बघायलायस?"

"काय न्हाय. पाय हलवू नको."

मी पेन्सिल सरळ धरली. टाचेपासून अंगठ्यापर्यंत, अंगठ्यापासून टाचेपर्यंत. मामांनी कागद उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला.

"सरळ हाय," ते म्हणाले. मग त्यांनी आबांकडं बघितलं आणि पंधराएक वर्षं तोंडात अडकलेलं ते वाक्य शेवटी बाहेर काढलं. "माप भरलं."

दिवाळीच्या सुट्टीत ती माहेरी यायची होती. मी आणि आबा पुढच्या खोलीत बसलो होतो. मी पेपर चाळत होतो, आबा डोळे मिटून खुर्चीत रेलले होते. आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज सुरू झाला.

करकर. करकर.

शेजारी कुणाच्या तरी घरात रेडिओ बारीक झाला. आईनं आत आधण ठेवल्याचा आवाज आला. मी ताडकन उभा राहिलो आणि पेपर पाठीमागं लपवला, का ते मला अजून माहीत नाही. वळून बघितलं तर आबाही खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं, चष्मा सारखा केला आणि जरा घाबऱ्या आवाजात मला विचारलं, "कोण आलं रं?"

"तुमीच आलाय, आबा," मी म्हणालो, आणि दार उघडायला गेलो.